पूलची वाटाण्यांची बाटली: घ्या, पण सहा-नऊ बघून

पूल म्हणजे टेबलवर काठीने बॉल कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालायचा खेळ, आणि त्यात नंबर काढायची ही बाटली. ती घरी आली तेव्हा बायको म्हणाली, वीस डॉलर देऊन खुळखुळा आणलास का? दिसते तशीच म्हणा. काळी प्लॅस्टिकची, मान निमुळती, आत १ ते १६ आकडे छापलेले छोटे दाणे. इकडे अमेरिकेत टॅली बॉटल नाहीतर शेक बॉटल म्हणून मिळते, दाण्यांना पिल किंवा पी म्हणतात, आमच्या ग्रुपमध्ये सगळे वाटाणेच म्हणतात.

आम्ही पाच जण दर शुक्रवारी नाईन-बॉलचा (एक ते नऊ नंबरचे बॉल, सगळ्यात छोट्याला आधी लावायचं) रिंग गेम खेळतो, म्हणजे सगळे एकाच टेबलवर आळीपाळीने. पाच नंबरचा बॉल घातला की बाकीच्या चौघांनी प्रत्येकी दोन डॉलर द्यायचे, नऊ घातला की चार. दोन्ही एकाच रॅकमध्ये, म्हणजे बॉल मांडून खेळलेल्या एका डावात, मिळाले तर २४ डॉलर, नाही मिळाले तर नुसतं पाकीट उघडत बसायचं. डर्बी सिटी क्लासिक ही १९९९ पासूनची पूलची मोठी स्पर्धा, तिथे मोठमोठे प्लेअर रिंग गेम खेळतात ते बघूनच आम्हाला हा किडा चावला, फक्त त्यांचे आकडे वेगळे आणि आमचे पिझ्झाचे.

आता यात बाटलीचं काय काम? तर नंबर लावायला. नवख्याला वाटतं कोणाचा नेम चांगला तो जिंकणार, पण खरा खेळ तुमच्या आधी कोण खेळतो यावर आहे. कच्च्या भिडूच्या मागे नंबर लागला तर तो चुकून बॉल पॉकेटच्या तोंडाशी ठेवून जातो आणि तुमची चांदी. चांगल्याच्या मागे लागलात तर तासभर खुर्ची गरम करा. म्हणून वाटाणे काढून नंबर ठरवायचा, सगळ्यात छोटा आकडा पहिला, आणि दर तासाला परत बाटली हलवायची. आधी चिठ्ठ्या टाकायचो, त्यात कोणीतरी घडी ओळखायचाच.

सेफ्टी, म्हणजे मुद्दाम पुढच्याला शॉटच मिळणार नाही असं ठेवणं, आमच्याकडे बंद आहे. दोघांच्या मॅचमध्ये ठीक, समोरच्याला अडकवलं तर फायदा आपलाच. इथे मी अडकवणार पुढच्याला आणि फुकटचा बॉल खाणार त्याच्यानंतरचा, मग दोघांनी संगनमत केलंय का असा संशय सुरू. त्यामुळे पुढच्याला शॉट दिसतच नसेल तर तो म्हणू शकतो, बाबा तूच खेळ परत.

बाटलीची खरी मजा मात्र केली पूल या पूलच्याच दुसऱ्या प्रकारात. पंधरा बॉल, प्रत्येकाने एक वाटाणा काढून गुपचूप बघून खिशात टाकायचा, टेबलवरच्या सगळ्यात छोट्या नंबरला आधी लावत खेळायचं, स्वतःचा नंबर घातला की पॉट, म्हणजे सगळ्यांचे जमलेले पैसे, आपला. दुसऱ्याने तुमचा बॉल घातला तर तुम्ही मेलात, आणि ते कबूल करायचं. आमची बोंब झाली ती इथेच. सहा आणि नऊ ओळखायला आकड्याखाली एक बारीक रेघ असते, ती दोन महिन्यात घामाने आणि चिप्सच्या तेलाने साफ पुसली गेली. मित्राने नऊ घातला, उड्या मारल्या, वाटाणा दाखवला, तर दुसरा म्हणे हा सहा आहे, सहा मी मघाशीच घातला, तू मेलेला असून खेळत होतास! म्हटलं दुसरा वाटाणा बघू, बाटली उलटी केली, तर त्याचीही रेघ गायब. पंचवीस डॉलरचा पॉट, वाद साडेबारापर्यंत, शेवटी पैसे ज्याचे त्याला परत दिले.

बाकी मान मस्त आहे, उलटी करून एकच झटका द्या, एकच वाटाणा पडतो, जोरजोरात हलवलीत तर दोन येतात. बाटली दोनदा फरशीवर पडली, चरा नाही. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा मानेसाठी. नवावर आता बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका आहे, पण तो अंधारात बोटाला लागतो असं तिघांचं म्हणणं आहे, त्यामुळे या शुक्रवारी सहावर पण एक लावायचाय, जरा वेगळ्या जागी.