संथ केलेली अडीचशे: पन्नाशी-साठीतल्या ट्रायल्ससाठी केलेले बदल, दीड वर्षाच्या वापरानंतर

ट्रायल्स म्हणजे दगड, ओढे, चढ यांतल्या आखून दिलेल्या अवघड टप्प्यांतून (सेक्शन) शक्यतो पाय न टेकता बाइक नेण्याचा खेळ. बाइक नेहमीचीच आहे. २५० सीसी टू-स्ट्रोक ट्रायल्स, वजन ७० किलोच्या आसपास, सीट नाही, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक. कंपनीचं नाव इथे फारसं महत्त्वाचं नाही, कारण बेटा, शेर्को, गॅस गॅस, टीआरएस यांपैकी कोणत्याही अडीचशेला पुढचं बहुतेक सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं. हा अनुभव बाइकपेक्षा तिच्यात केलेल्या बदलांचा आहे.

वय वाढलं की ताकद कमी पडते असं सगळे म्हणतात. ट्रायल्समध्ये ताकदीच्या आधी कमी होते ती सावरायची वेळ. पुढचं चाक ओल्या दगडावरून सरकलं की विशीतला रायडर ते कळायच्या आत कंबर फिरवून तोल परत आणतो. साठीत तेच कळतं, पण शरीर क्षणभर उशिरा हलतं, आणि तोवर दचकलेल्या मनगटाने थ्रॉटल थोडा जास्त फिरवलेला असतो. म्हणून बाइकची ताकद कमी करण्यापेक्षा ती उशिरा आणि हळू उत्तर देईल असं करणं जास्त उपयोगाचं ठरतं.

वयस्क रायडरने १२५ घ्यावी, ती हलकी असते, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. एकाच कंपनीच्या १२५ आणि ३०० मध्ये फ्रेम, फोर्क, चाकं तीच असतात. वजनाचा फरक किरकोळ असतो. उलट १२५ ला खालच्या आरपीएममध्ये दम नसल्याने ती सतत रेव्हमध्ये ठेवून क्लचवर खेळवावी लागते, आणि दुपारपर्यंत डाव्या हाताचं बोट आखडतं. ३०० मध्ये टॉर्क भरपूर, पण मूळ ट्यूनिंगमध्ये ती झटक्याने येते आणि किक जड असते. संथ केलेली अडीचशे या दोन्हींच्या मध्ये नीट बसते. आधीच घरात ३०० असेल तर विकू नका. कॉम्प्रेशन कमी केलेली ३०० कदाचित याहून सरस ठरेल.

पहिला बदल थ्रॉटलचा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा. ट्रायल्स थ्रॉटलची नळी फास्ट आणि स्लो अशा दोन प्रकारांत मिळते. स्लो नळीवर केबल गुंडाळली जाते त्या भागाचा व्यास लहान असतो, त्यामुळे मनगट तितकंच फिरलं तरी केबल कमी ओढली जाते. नळी बदलल्यावर केबलला २ ते ३ मिमी मोकळीक ठेवा. इंजिन आयडलवर चालू असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. आरपीएम वाढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे, आणि अवघड वळणावर ती बाइक आपोआप पुढे उडी मारेल. स्लो नळीने पूर्ण थ्रॉटल उघडायला मनगट जास्त वळवावं लागतं हे खरं, पण क्लब पातळीच्या सेक्शनमध्ये पूर्ण थ्रॉटल लागतो कधी?

दुसरा बदल फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकावर, वजन. बोल्टने बसणारी कडी साधारण अर्धा किलोपासून पुढे मिळते. फायदा सरळ आहे: इंजिन बंद पडण्याचं प्रमाण जवळजवळ संपतं, आणि चुकून दिलेला थ्रॉटल पोटात घेतला जातो. बसवताना दोन गोष्टी चुकतात. बोल्टला थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावलं जात नाही, आणि बोल्टची डोकी कव्हरला घासतात की नाही हे तपासलं जात नाही. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने पूर्ण फिरवा, कव्हरच्या आत थोडं ग्रीस लावून खूण उमटते का बघा, मगच किक मारा. तोटाही आहे. उंच पायरीवर चढताना लागणारा तो एकदम वर जाणारा रेव्ह आता उशिरा येतो. छातीइतक्या उंच दगडांवर झेपावायचं असेल तर हे वजन नको. गुडघ्याइतक्या पायऱ्या, ओढे, मुळं, चिखलाचे चढ यांसाठी ते हवंच.

सिलिंडर हेडमधला इन्सर्ट (ज्वलनकक्षाचा बदलता येणारा तुकडा) बदलून कॉम्प्रेशन कमी केलं, तो तिसरा बदल. बेस गॅस्केट जाड घालूनही कॉम्प्रेशन उतरतं, पण त्याने पोर्ट उघडायच्या वेळाही बदलतात, म्हणून इन्सर्टचा मार्ग बरा. यानंतर कार्ब्युरेटरचे पायलट जेट आणि एअर स्क्रू पुन्हा जुळवावे लागतात. अर्धवट उघड्या थ्रॉटलवर इंजिन घरघरत असेल तर मिश्रण दाट आहे. हे काम नीट झालं की किक लक्षणीय हलकी होते, आणि दुखऱ्या गुडघ्याला हा एकच बदल पुरेसं कारण आहे. तरी किक मारायची पद्धत महत्त्वाची राहतेच. किक हळूच दाबून जिथे प्रतिकार जाणवतो तो बिंदू किंचित ओलांडा, किक परत वर आणा, मग शरीराचं वजन सरळ खाली सोडा. उतारावर वरच्या बाजूला उभं राहा. गुडघा वळवून मारलेली किक हीच पुढे महिनाभर त्रास देते.

इग्निशनचा सॉफ्ट मॅप (ताकद नरमपणे देणारी सेटिंग) असेल तर कोरड्या जमिनीवरही तोच ठेवा. बहुतेक जण तो फक्त पावसात लावतात. का, कळत नाही.

गिअरिंगमध्ये पुढचं स्प्रॉकेट ११ वरून १० दातांचं केलं, मागचं ४२ च ठेवलं. गुणोत्तर ३.८२ वरून ४.२० होतं, म्हणजे बाइक प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ९ टक्के संथ. मागे ४६ दातांचं लावूनही जवळपास तेवढंच साधतं, पण मोठं स्प्रॉकेट दगडाच्या जवळ येतं आणि साखळी लांब लागते. लहान पुढच्या स्प्रॉकेटमुळे साखळी स्विंगआर्मच्या रबरावर जास्त घासते, ते रबर दर महिन्याला बघत राहा. क्लचमधला खरा फायदा इथून मिळतो. पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने, क्लच न दाबता, पूर्ण वळण घेता येतं. क्लच कमी म्हणजे बोटं ताजी.

बोटांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण अंगठ्याच्या मुळाचा सांधा आणि तर्जनी ही पुष्कळांची पहिली तक्रार असते. लिव्हर हँडलच्या इतका जवळ आणा की बोटाचं मधलं पेर वाकलेलं राहील, ताणलेलं नाही. उभं राहून पकडल्यावर मनगट सरळ यावं, लिव्हर त्या कोनात फिरवा. ब्रॅकेटचे बोल्ट इतपतच आवळा की पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरेल. हायड्रॉलिक क्लचमध्ये कुठे मिनरल ऑइल असतं, कुठे डॉट ४ ब्रेक फ्लुइड. क्लचच्या द्रवाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचूनच भरा. चुकीच्या द्रवाने सील फुगतात, लिव्हर अडकून परत येतो, आणि मग सगळं खोलावं लागतं. गिअरबॉक्समध्ये कंपनीने परवानगी दिली असेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घाला, क्लच गुळगुळीत पकडतो. थंड बाइकवर प्लेटा चिकटलेल्या असतात, म्हणून सुरू करण्याआधी गिअर टाकून, क्लच दाबून बाइक पुढे-मागे हलवा. हे न करता पहिल्याच गिअरला बाइक पुढे उडाली की खांदा ओढला जातो.

हँडलबारला २० मिमीचे रायझर (बार उंच करणारे ठोकळे) लावले. कंबर वाकवून उभं राहणं हे पाठदुखीचं मुख्य कारण आहे, आणि उंच बारने ते कमी होतं. पण याला मर्यादा आहे. फार उंच बारमुळे पुढच्या चाकावरचं वजन घटतं आणि आडव्या उतारावरच्या वळणात ते बाहेर सरकायला लागतं. बार मागे वळवून घेणं टाळा, फोर्कच्या रेषेत किंवा किंचित पुढे ठेवा. रायझरनंतर ब्रेकची होज आणि केबल पूर्ण वळणात ताणल्या जात नाहीत ना, हे बघायला हवं.

फुटपेग (पाय ठेवायच्या पट्ट्या) रुंद घेतले आणि कंसाने १० मिमी खाली, तितकेच मागे नेले. गुडघ्याचा कोन मोकळा होतो आणि पुढचं चाक उचलायला कमी ओढ लागते. खाली नेलेले पेग खाचेत दगडाला अडकतात, हा तोटा पहिल्या आठवड्यातच कळतो. त्यावर उपाय नाही, सेक्शनमधली वाट निवडताना लक्षात ठेवायचं एवढंच.

सस्पेन्शनची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक बाइकांत खरा दोष कोरड्या लिंकेजमध्ये (मागचं चाक आणि शॉक जोडणाऱ्या सांध्यांमध्ये) असतो. बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलं की मागचं चाक प्रत्येक दगडावर ठोकतं, आणि रायडर समजतो की आपली पाठ गेली. दर सहा महिन्यांनी लिंकेज काढून साफ करून ग्रीस भरा. त्यानंतर पेगवर उभं राहून मागचा सॅग (रायडरच्या वजनाने सस्पेन्शन दबतं ते अंतर) एकूण प्रवासाच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो का बघा. आपल्या वजनासाठी स्प्रिंग कडक असेल तर कितीही क्लिक फिरवून उपयोग नाही. रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग) एक-दोन क्लिक संथ केला की बाइक मागून उसळून पुढे ढकलत नाही. उड्या मारत चाक हलवणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण न थांबता सेक्शन काढणाऱ्यांना आवडेल.

टायर: मागे ४ ते ५ पीएसआय, पुढे ६ ते ७. साधा गेज इतक्या खाली विश्वासाचा नसतो, ० ते १५ चा वेगळा घ्या. मागच्या टायरच्या ठोकळ्यांच्या पुढच्या कडा गोल झाल्या की तो रिमवर उलटा बसवून नव्या कडा वापरता येतात. पकड गेलेला टायर म्हणजे अचानक सरकणं, आणि अचानक सरकणं म्हणजे ताठ पाय टेकणं.

पाय टेकण्याबद्दल. ट्रायल्समध्ये गुण दंडाचे असतात: एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, तिनदा किंवा जास्त टेकला की ३, सेक्शन निकामी झाला की ५. तरुण रायडर शून्यासाठी शेवटपर्यंत झुंजतो आणि हरला तर ५ घेतो. गुडघे जुने झाले की हिशेब बदलतो. सरकण्याची जागा चालत बघताना आधीच हेरून, बाइकला लागून, वाकलेल्या गुडघ्याने टेकलेला पाय हा स्वस्त गुण आहे. उशिरा, दूर, सरळ पायाने टेकलेला पाय लिगामेंटला महागात पडतो. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायलसारख्या, रोज ३० सेक्शनच्या स्पर्धेत तर दिवसअखेर पाय शाबूत राहणं हाच मोठा गुण.

इतकं बाइकचं. आता एक बदल असा, जो बाइकवर नाहीच. चष्मा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो. सेक्शनमध्ये नजर खाली गेली की पुढच्या चाकाजवळचा दगड त्याच भागातून दिसतो, धूसर आणि सरकलेला. फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, हेल्मेटखाली बसेल असा पातळ दांडीचा. वर लिहिलेल्या सगळ्या सुट्या भागांपेक्षा याने जास्त फरक पडतो, आणि हे जवळजवळ कोणीच सांगत नाही.

तोलाचा सराव रोज दहा मिनिटं, इंजिन बंद ठेवून. पुढचं चाक दगडाला टेकवून, पुढचा ब्रेक दाबून, हँडल आधी डावीकडे मग उजवीकडे पूर्ण वळवून उभं राहायचं. बहुतेकांची एक बाजू कमकुवत निघते, तिला दुप्पट वेळ द्या. जमिनीवर एका पायावर उभं राहणं आणि पायरीच्या कडेवर टाच हळूहळू खाली सोडणं, एवढं पोटरी आणि टाचेच्या शिरेसाठी पुरतं. जोराच्या दिवसानंतर मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. शिरा आणि सांधे सावरायला आता तेवढा वेळ घेतात.

मनगटाला दोरी बांधून ठेवायचा चुंबकी किल-स्विच सरावातही लावा. पुढचं चाक जास्त उचललं जाऊन मागे पडताना बाइक धरून ठेवायची नाही, सोडून द्यायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, सोबतच्या रायडरला सांगा, आणि डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. एकटं जाऊ नये, हे तर आलंच.

इलेक्ट्रिक ट्रायल्स बाइकचा प्रश्न सगळ्यांना पडतो. किक नाही, आवाज नाही, थ्रॉटलची नरमाई बटणाने बदलते. गुडघा खरोखर निकामी असेल तर तोच सरळ मार्ग आहे. पण क्लच नसलेल्या मॉडेलमध्ये पायरीवर चढताना क्लच सोडून मिळणारा तो धक्का नसतो, आणि जुन्या सवयीचा हात रिकामा लिव्हर शोधत राहतो. इलेक्ट्रिक घ्यायचीच तर क्लच असलेली घ्या.

दीड वर्षात काय बिघडलं? हळू चालवल्याने प्लग काळा पडत राहिला. पेट्रोलमधलं तेल दीड टक्क्यावर, म्हणजे ५ लिटरला ७५ मिलीवर ठेवलं, ते मॅन्युअलशी जुळवून घ्या, आणि दर वेळी परतीच्या वाटेवर दोन-तीन मिनिटं मोकळं पळवलं की त्रास थांबला. एअर फिल्टर प्रत्येक ओल्या दिवसानंतर धुवायला लागतो. फ्लायव्हीलच्या बोल्टांपैकी एकही ढिला झाला नाही. १० दातांचं स्प्रॉकेट मात्र अपेक्षेपेक्षा लवकर झिजलं, दुसरं तयार ठेवा.

काढलेला हेड इन्सर्ट, जुनी थ्रॉटल नळी, ११ चं स्प्रॉकेट आणि मूळ पेगचे कंस एका डब्यात, नावं लिहून ठेवा. बाइक विकायची वेळ आली तर घेणारा बहुधा तिशीतला असेल, आणि तो हे सगळे बदल पहिल्याच दिवशी काढून टाकेल.