हौदा ठोकून घ्यायचा, बदलायचा की काढूनच टाकायचा?

माझ्या पिकअपच्या हौद्यावर, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या उघड्या पेटीवर, डाव्या चाकाच्या कमानीला रंग फुगला होता. वाटाण्याएवढा फोड, त्यापेक्षा मोठा नाही. नखाने दाबला तर आत काहीतरी कुरकुरलं, म्हणून स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते थेट मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा सोबत आली ओली माती, गंजाचे पापुद्रे आणि आधीच्या मालकाने भरून घेतलेली करंगळीएवढी जाड पुट्टी. पुढचा महिनाभर मी याच एका गोष्टीवर खल करत बसलो होतो. तुमचा हौदा कदाचित गंजला नसेल. मागून कुणी ठोकला असेल, लोडरच्या बकेटमधून दगड आदळला असेल किंवा झाडाची फांदी पडली असेल. वाट वेगळी असली तरी शेवटी पर्याय तेच उरतात: आहे तो दुरुस्त करा, दुसरा हौदा बसवा, सपाट बॉडी (बाजूच्या भिंती नसलेली नुसती फरशी) चढवा किंवा काही दिवस हौद्याशिवायच गाडी चालवा.

पण त्याआधी तुमचा हौदा सुटतो का, एवढं बघून घ्या. बहुतेक पिकअपमध्ये खाली शिडीसारखी चेसी असते, तिच्यावर केबिन वेगळी आणि हौदा वेगळा. हौदा साधारण सहा ते आठ बोल्टांवर बसलेला असतो. होंडा रिजलाइन किंवा 2021 साली आलेल्या फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांताक्रूझ या गाड्यांत मात्र हौदा बॉडीचाच भाग आहे. तिथे 'काढून दुसरा बसवू' हा पर्यायच नाही. पत्रा कापून नवा पत्रा जोडावा लागतो आणि ते काम बॉडीशॉपचंच. फोर्डने 1961 साली मोठ्या पिकअपमध्येही केबिन आणि हौदा एकत्र जोडून पाहिला होता. भारी माल भरला की बॉडी पिळवटायची आणि दरवाजे अडकायचे अशी तक्रार आली, आणि 1963 नंतर तो प्रकार बंद झाला. केबिन आणि हौद्याच्या मधली ती दोन बोटांची फट उगाच नाही. चेसी थोडी वळते, म्हणून दोघांना आपापलं हलायला जागा लागते.

ती फटच आपला पहिला डॉक्टर. गाडी सपाट जागेवर, रिकामी उभी करा. दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली, फट मोजा. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी असेल तर एक तर हौदा बोल्टांवरून सरकलाय किंवा चेसी वाकलीय. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर मला तरी आधी चेसीचाच संशय येतो. मग खाली शिरून चेसीवरच्या ठरावीक भोकांपासून कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर हौद्याचा विचार बाजूला ठेवा. वाकड्या चेसीवर नवा हौदा चढवणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

गंजाचंही तेच. लोकांना बाहेरची कमान दिसते, म्हणून लोक कमानीवर खर्च करतात. खरी तब्येत कळते ती हौद्याच्या फरशीखालच्या आडव्या चॅनेलमध्ये, कारण सगळा बोजा चेसीवर उतरतो तो त्यांच्यावरून. लहान हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं, कुजलेलं थपथपतं. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर, स्टेपनीच्या वरचा भाग आणि टाकीचे पट्टे इथे विशेष लक्ष द्या, कारण माती तिथेच साचते. चेसी गंजण्याची बाब कंपन्यांनाही महागात पडलेली आहे. 2016 साली टोयोटाने अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोयाच्या काही वर्षांच्या मॉडेलांसाठी चेसीच्या गंजावरच्या खटल्यात मोठी तडजोड केली, आणि त्यात चेसी बदलून देणंही होतं.

दुरुस्ती की दुसरा हौदा

खरी ओढाताण या दोन पर्यायांतच होते. माझं मत सरळ आहे: आडवे चॅनेल धड असतील तर दुरुस्ती, दोनपेक्षा जास्त चॅनेल कुजले असतील तर दुसरा हौदा. हा काही नियम नाही, पण तीन चॅनेल बदलायचे तर फरशी उघडावी लागते, आणि फरशी उघडली की बाजूचे पत्रे सुटतात. शेवटी मूळ हौद्यातला फक्त रंग उरतो.

पोचा असेल तर दुरुस्तीच. हौद्याच्या बाहेरच्या पत्र्याला पडलेला पोचा आतून ठोकून, ओढून निघतो. फाळका, म्हणजे हौद्याचा मागचा उघडणारा दरवाजा, वाकला असेल तर तो एकटा बदलता येतो. बहुतेक गाड्यांत दोन साखळ्या किंवा केबल सोडल्या आणि ठरावीक कोनात धरला की बिजागरीतून निघून हातात येतो. हे काम एकट्याने करू नका, फाळका दिसतो त्यापेक्षा जड असतो.

गंजाची दुरुस्ती मात्र फसवी. कमान दुहेरी असते, बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा, आणि त्यांच्या काठाच्या घडीत चिखल बसतो. बाहेरून नवा तुकडा लावला आणि आतला तसाच ठेवला, तर गंज आतून पुन्हा वर येतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. पुट्टी हे रंगाआधी शेवटचा मिलिमीटर सपाट करायचं साधन आहे, भोक बुजवायचं नव्हे. नीट दुरुस्ती म्हणजे कुजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापणं, दोन्ही पत्रे बदलणं, वेल्डिंगनंतर सांध्यात सीलर आणि पोकळीत मेण किंवा अँटीरस्ट फवारणं. यात मजुरीच जास्त, सामान थोडं. म्हणून स्वतः वेल्डिंग येत असेल तर दुरुस्ती स्वस्त पडते, नसेल तर बहुतेक वेळा जुना चांगला हौदाच स्वस्त पडतो.

वेल्डिंग स्वतः करणार असाल तर एक लक्षात असू द्या. आताच्या बहुतेक पत्र्यांवर जस्ताचा थर असतो. तो घासून न काढता वेल्डिंग केलं तर पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बॅटरीची तार काढून ठेवा आणि इंधनाची टाकी जवळ असेल तर तिथे ठिणगी नकोच.

अ‍ॅल्युमिनियम असेल तर गणित बदलतं. फोर्ड एफ-150 चा हौदा आणि केबिन 2015 च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे. ती तांबडी गंजत नाही, पण ठोकायला लोखंडाइतकी सोशिकही नाही. अ‍ॅल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळतं, तर त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्याही वर टिकतो. त्यामुळे नवख्याच्या हातात थर निघायच्या आत खालचा पत्रा गळून पडतो. लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडिंगची चकती तिथे चालत नाही, लोखंडाचे कण रुतून बसतात. अशा हौद्याला मोठा मार लागला तर मी दुरुस्तीच्या फंदात पडणार नाही. 2005 पासूनच्या टॅकोमासारखा आतून काचतंतू-प्लास्टिकचा हौदा असेल तर गंजाची चिंताच नाही, मात्र तडा गेला की वेल्डिंगवाला उपयोगाचा नाही, रेझिनचं काम येणारा शोधावा लागतो.

जुना हौदा घेताना

'त्याच मॉडेलचा आहे, बसेल' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. एकाच मॉडेलमध्ये हौद्याच्या दोन-तीन लांब्या असतात, आणि लांबीप्रमाणे चेसीवरची बोल्टची भोकं आणि चाकाच्या कमानीची जागा सरकते. मागे दुहेरी चाकं असलेल्या गाडीचा हौदा वेगळा. इंधन भरायचं तोंड कोणत्या बाजूला आहे, डिझेलला एक तोंड की धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावाचंही दुसरं, हे बघा. टेललाइटचे सॉकेट एकाच पिढीत मधल्या फेसलिफ्टला बदललेले असतात. काही नव्या गाड्यांत तर आंधळ्या कोपऱ्यावर नजर ठेवणारं रडार टेललाइटच्या आतच असतं. तुमच्याकडे ते असेल आणि जुन्या हौद्यासोबत साधी लाइट आली, तर आपली लाइट काढून त्यात बसवावी लागते. मागचा बंपर मात्र सहसा चेसीला असतो, तो तसाच राहतो.

रंग जुळला तर छान, पण रंगासाठी कुजका हौदा घेऊ नका. कोरडा, धड, विजोड रंगाचा हौदा चकचकीत पुट्टीवाल्यापेक्षा कितीतरी बरा. चुंबक सोबत न्या. लोखंडी हौद्याच्या कमानीवर चुंबक चिकटत नसेल तर आत पुट्टी आहे. कंपनीचा कोरा हौदा मिळत असेल तर अर्थात तो सर्वांत निर्धास्त, पण अनेकदा तो नुसत्या प्रायमरमध्ये येतो. रंग, लाइट, फाळका वेगळा धरायचा.

सपाट बॉडी

पेट्या, पाइप, गवताचे भारे, यंत्रं असा माल वाहणाऱ्याला मी हौद्यापेक्षा सपाट बॉडीच सुचवेन. चाकाच्या कमानी मध्ये येत नाहीत, तिन्ही बाजूंनी माल चढतो, आणि कोपरा ठोकला तर एक पट्टी बदलली की झालं. पण फरशी चाकाच्या वर जाते, म्हणजे माल उचलायची उंची वाढते आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. लोखंडी सपाट बॉडी अनेकदा मूळ हौद्यापेक्षा जड भरते, आणि तेवढा बोजा तुमच्या मालातून कमी होतो. भरल्या गाडीत चाक खड्ड्यातून वर उसळलं तरी फरशीला लागणार नाही एवढी जागा ठेवलीय का, हे बनवणाऱ्याला आधी विचारा.

बसवताना चेसीच्या वरच्या आणि खालच्या कडेला भोक पाडू देऊ नका, आणि चेसीवर वेल्डिंगचे टाके तर अजिबात नकोत. मूळ बोल्टच्या जागा किंवा यू-बोल्ट वापरा. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी लोखंडी चेसीवर थेट टेकली तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये कुजणं सुरू होतं. मध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी हवी.

नुसती चेसी

हौदा काढून काही दिवस गाडी तशीच चालवायचा मोह होतो. दुरुस्ती चालू आहे, गाडी हवीच आहे, म्हणून. अंगणातल्या अंगणात हलवायला ठीक. रस्त्यावर मात्र मागचे दिवे, ब्रेक लाइट, प्रकाशित नंबर प्लेट हे जवळपास सगळीकडे सक्तीचं आहे, मडगार्डही अनेक ठिकाणी, आणि बॉडीचा प्रकार बदलला तर नोंदणीत आणि विम्यात तो कळवावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची. मोठ्या पिकअपचा लोखंडी हौदा फाळक्यासकट दीडशे-दोनशे किलोच्या घरात असतो. तो गेला की मागची चाकं हलकी होतात, ओल्या रस्त्यावर लगेच घसरतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह गाडीच्या उंचीवरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. मागचा भाग उचलला गेला की तो समजतो गाडी रिकामी आहे, आणि दाब आणखी कमी करतो. शिवाय टाकी, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या उघड्यावर, आणि चाकांचा चिखल थेट केबिनच्या मागच्या काचेवर.

बोल्ट सोडताना

कोणताही पर्याय घ्या, हे करावंच लागतं. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस आधीपासून रोज मारा, वरूनही आणि खालूनही. काही गाड्यांत बोल्टचं डोकं गोल असतं आणि त्यात टॉर्क्सची, म्हणजे चांदणीच्या आकाराची, खाच. ती खाच मातीने भरलेली असते. ती टोच्याने साफ करून बिट हातोडीने पूर्ण आत बसवा, मगच जोर लावा. अर्धवट बसलेला बिट खाच खाऊन टाकतो, आणि मग ग्राइंडरशिवाय गती नाही. खालचा नट पिंजऱ्यात बसवलेला असेल तर पिंजरा तुटून नट नुसता फिरत राहतो. तेव्हा खाली झोपून पक्कडीने धरणारा दुसरा माणूस लागतो.

बोल्टाआधी वायरिंगचे सॉकेट आणि इंधन भरायच्या तोंडाचे स्क्रू सोडा. त्या तोंडापासून चेसीला एक बारीक अर्थिंगची तार गेलेली असते. घाईत ती तुटते आणि परत लावायची राहून जाते. इंधन भरताना साठणारी स्थिर वीज तिथून उतरते, म्हणून ती लावाच. फाळका आधी काढला की वजन बरंच उतरतं. उचलायला चार कोपऱ्यांवर चार माणसं आणि एक सांगणारा, किंवा चेन ब्लॉक.

मी शेवटी जुना हौदा घेतला. माझी गाडी पांढरी, तो राखाडी. मी रंगवला नाही. आठांपैकी सहा बोल्ट तेलाने सुटले, दोन कापावे लागले. हौदा उचलला तेव्हा चेसी कोरडी निघाली, एवढं नशीब. तासभर ब्रशने घासून रंग मारला आणि आणलेला हौदा नव्या बोल्टांवर बसवला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळून. आठवड्याभराने, थोडा माल वाहून झाल्यावर, पुन्हा पाना लावला. दोन बोल्ट पाव पाव आटा फिरले.