लाळेवरून स्वभाव आणि हार्टचा धोका सांगणारी डीएनए टेस्ट, माझा अनुभव

बाबांना पहिला अटॅक आला तेव्हा ते ४९ वर्षांचे होते, दुसऱ्यात गेले, आणि तेव्हापासून घरात एकच ऐकतोय की फार चिडायचे ना, म्हणून झालं. त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य, तू अगदी बाबांवर गेलायस. आता माझी पंचेचाळिशी आली, राग तसाच आहे, म्हणून एक टेस्ट मागवली ज्यात घरबसल्या लाळ पाठवायची आणि ते डीएनएवरून स्वभाव आणि हृदयरोग दोन्हीचा रिपोर्ट देतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अशा टेस्ट बऱ्याच निघाल्यात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच थोडंफार लागू होईल.

किट चांगलं आहे, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, ट्यूबवर रेष असते तिथपर्यंत नुसती लाळ हवी, फेस धरायचा नाही, त्यामुळे मला दहा मिनिटं सहज लागली. झाकण घट्ट लावलं की त्यातलं द्रव लाळेत उतरतं, मग हलवायचं आणि पाठवून द्यायचं. पाठवायच्या आधी बारकोड अकाउंटला टाकायला विसरू नका. रिपोर्ट पाच आठवड्यांनी आला.

आता रिपोर्ट. त्यात हार्टचा एक स्कोअर आहे, म्हणजे शंभर माणसं कमी धोक्यापासून जास्त धोक्याकडे ओळीत उभी केली तर तुम्ही कितवे, मी ८२ वा. मग स्वभावाची पाच मापं, त्यात भावनिक अस्थिरता म्हणजे ज्याला न्यूरोटिसिझम म्हणतात ते माझं 'उच्च'. आणि मग एक पूर्ण पान, त्यावर मेंदूपासून हृदयाकडे जाणारा मोठा बाण आणि खाली ठळक अक्षरात लिहिलंय की तुमच्या स्वभावाच्या जीन्समुळे तुमच्या हृदयाचा धोका वाढतो. हे पान वाचून मी दोन रात्री नीट झोपलो नाही. मग शांतपणे बसून वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे पान असं छापायलाच नको होतं.

हार्टच्या स्कोअरमागे बऱ्यापैकी भक्कम काम आहे हे मान्य करतो. २००७ मध्ये नवव्या क्रोमोसोमवर एक जागा, म्हणजे माणसामाणसांत फरक असणारं डीएनएतलं एक ठिकाण, सापडली जिचा कोरोनरी आजाराशी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराशी, संबंध पुन्हापुन्हा दिसत राहिला, आणि २०२२ पर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून अशा दोनशे चाळीसच्या वर जागा मिळाल्या. स्कोअर म्हणजे या छोट्या छोट्या जागांची बेरीज. अडचण एकच, हा डेटा मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे, ज्यांचे पूर्वज तिकडचे नाहीत त्यांच्यासाठी स्कोअर तेवढा अचूक राहत नाही. ही गोष्ट रिपोर्टमध्ये आहे, पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. ती ८२ च्या आकड्याशेजारीच हवी होती.

स्वभावाचं तसं नाही. जुळ्यांच्या अभ्यासातून स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ४० टक्के वाटा आनुवंशिक दिसतो, म्हणजे 'बाबांवर गेलाय' हे अगदी खोटं नाही. पण प्रत्यक्ष डीएनएत शोधायला गेलं की हाती फार कमी लागतं. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे साडेचार लाख लोक तपासून न्यूरोटिसिझमच्या १३६ जागा मिळाल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी नगण्य, आणि तपासलेले सगळे जनुकीय फरक एकत्र धरले तरी लोकांमधल्या फरकाचा दहा टक्क्यांच्या आसपासच भाग समजतो. एवढ्यावरून एका माणसाला तू असा आहेस हे सांगता येत नाही, चार प्रश्न विचारले तर त्याहून जास्त कळेल. वर यांनी सेरोटोनिनच्या एका जीनचं नाव देऊन त्याला काळजीचा जीन म्हटलंय. ती कल्पना १९९६ ची आहे, आणि २०१९ मध्ये डिप्रेशनसाठी गाजलेले असे जीन्स मोठ्या डेटावर तपासले तेव्हा ते कुठल्याही इतर जीन्सपेक्षा वेगळे ठरले नाहीत. विकत दिलेल्या रिपोर्टमध्ये हे अजून चालवतात याचा मला खरंच राग आला.

आणि तो बाण. चिडका स्वभाव आणि हार्ट ही जोडी जुनी आहे, फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन अमेरिकन हार्टच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात 'टाइप ए' माणूस मांडला, सतत घाईत, स्पर्धेत, चिडलेला. त्यांनी ३,१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं तर टाइप ए वाल्यांना हृदयरोग जवळपास दुप्पट. पण त्याच लोकांचा २२ वर्षांनी हिशोब केला तर हार्टने मरण्याशी टाइप एचा संबंधच दिसेना. नंतर फक्त मनातला वैरभाव, कडवटपणा एवढ्यापुरता थोडा संशय उरला. आणि या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता हे त्यांच्याच कागदपत्रांतून पुढे आलं. का पुरवला असेल ते सांगायला नको, दोष स्वभावाचा ठरला की सिगारेटवरचा ठपका सुटतो. बाबा दिवसाला वीस ओढायचे. आमच्या घरात त्या सिगारेटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, सगळं खापर त्यांच्या रागावर, आणि ते स्वतःही तसंच समजून गेले.

राग आणि हार्टचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. प्रचंड भडकल्यावर पुढचे दोनेक तास अटॅकचा धोका तात्पुरता वाढतो हे दिसलेलं आहे. पण ते वेगळं आणि जीन्समधून काढलेला बाण वेगळा. न्यूरोटिसिझम आणि हृदयरोग यांच्यात जनुकीय पातळीवर थोडं काही सामाईक असलं तरी ते कसं आहे हा प्रश्न राहतोच, एकच जीन दोन्हीकडे काम करत असेल, किंवा काळजीखोर माणूस जास्त सिगारेट ओढतो, झोपत नाही, गोळ्या चुकवतो आणि त्यातून हार्टपर्यंत पोचतं, किंवा आजारामुळेच माणूस घाबरट होतो. यातला दुसरा रस्ता असेल तर मध्ये अडवता येतो! बाण काढला की हे सगळं पुसलं जातं. ताईने ते पान वाचून मला विचारलं, "म्हणजे मी कितीही शांत राहिले तरी उपयोग नाही का रे?" तिला असं वाटावं यासाठी आपण पैसे दिले याचं वाईट वाटलं.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे रिपोर्टसोबत मिळणारा जेनेटिक काउन्सेलरचा, म्हणजे असे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाचा, फोन. त्या बाई चाळीस मिनिटं बोलल्या, स्वभावाच्या पानाकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही, आधी विचारलं घरात कुणाला, कितव्या वर्षी. ४९ म्हटल्यावर म्हणाल्या की हा तुमच्या स्कोअरपेक्षा महत्त्वाचा आकडा आहे. लिपिड प्रोफाइल, बीपी, शुगर करा आणि लिपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, एकदा तरी तपासा, त्याचं प्रमाण बहुतेक आनुवंशिकच असतं आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. अजून एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं, एकाच जीनमधल्या दोषाने जन्मापासून कोलेस्टेरॉल वाढलेलं राहणं साधारण अडीचशेत एकाला असतं आणि ते या स्कोअरमध्ये दिसेलच असं नाही, त्याची टेस्ट वेगळी. आणि २०१६ चा एक अभ्यास सांगितला, ज्यांचा जनुकीय धोका सगळ्यात जास्त त्यांच्यातसुद्धा सिगारेट नाही, वजन आटोक्यात, व्यायाम, खाणं नीट असं असलेल्यांना धोका निम्म्याच्या आसपास कमी होता.

किटला पाचपैकी चार, हार्टच्या भागाला तीन, स्वभावाच्या भागाला एक, त्या फोनला पाच. फोनशिवायचं स्वस्त पॅकेज घेऊ नका, आणि घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर या टेस्टच्या आधी साधी रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवा. बाणाचं पान काढा म्हणून मी त्यांना ईमेल केलाय, अजून उत्तर नाही.

माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. ताईने काल लिपोप्रोटीन ए साठी रक्त दिलंय, रिपोर्ट आला की इथेच खाली लिहितो.