पैसे घेतो, पण खोटं बोलत नाही

लातुरात माझ्या टेम्पो ट्रॅव्हलर लग्नाच्या भाड्यानं जातात. वऱ्हाडातल्या पोरांची एकच फर्माईश, "मालक, गाडीत बिअरची सोय करा की." रीतसर परवाना काढावा म्हणून इथल्या एका एजंटाकडं गेलो.

माणूस सरळ. म्हणला, "गाडीत बार मांडायचं डोक्यातून काढा, मी असली फाईल लावत नाही." 1949 च्या दारूबंदी कायद्यात गाडीसुद्धा जप्त होते, हे त्यानं कलम काढून दाखवलं. दुसरा कुणी असता तर ॲडव्हान्स घेऊन महिनाभर फिरवलं असतं.

मग त्यानं खरा रस्ता सांगितला. पार्टी लॉनवर ठेवा, यजमानानं राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या जागेपुरता एका दिवसाचा परवाना घ्यावा. पिणाऱ्याचा परवाना वेगळा. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा 5 रुपयांत, आजीवन 1000 रुपयांत. बिअरला वय 21, व्हिस्कीला 25. हा 25 चा आकडा त्यानं लाल पेनानं दोनदा गोल केला, कारण नवरदेवाचे मित्र हमखास तिथंच अडकतात म्हणे.

माझा आजीवन परवाना त्यानंच ऑनलाइन भरून दिला. आधार आणि फोटो, एवढ्यात भागलं. खटकली ती पावती. स्वतःच्या फीचा आकडा वहीच्या चिटोऱ्यावर लिहून दिला, ना सही ना शिक्का. हे बरं नाही.

पाचपैकी चार. फोन चारनंतर करा, जेवल्यावर गडी झोपतो.