जिरेनियम लावायचंय: बोर्बोन की इजिप्शियन?

सुगंधी तेलासाठी लावल्या जाणाऱ्या जिरेनियमची रोपं घ्यायला गेलं की दोन नावं हमखास कानावर येतात, बोर्बोन आणि इजिप्शियन. इजिप्शियन प्रकारातला एक वाण आपल्याकडे 'केळकर' नावानं ओळखला जातो. ट्रेमधली कोवळी रोपं पाहून फरक कळत नाही. पान चुरगळा, दोन्हींना गुलाबाचा वास आणि मागोमाग पुदिन्यासारखा गारवा. मग रोपवाल्याचा शब्द खरा मानायचा. मीही मानला. बोर्बोन म्हणून एकरभर रोपं आणली, पहिल्या कापणीचं तेल तपासायला दिलं, तर रिपोर्टमध्ये इजिप्शियनची खूण! खरेदीदाराला बोर्बोन हवं होतं. 10,000 रोपं जमिनीत गेल्यावर हे कळून काय उपयोग?

म्हणून माझं सांगणं एवढंच, की वाण नाकानं ठरवू नका. जीसी-एमएस, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी; तिच्या रिपोर्टमध्ये दोन घटक शोधा. ग्वाया-6,9-डाइन ठळक असेल, म्हणजे साधारण 5 टक्क्यांच्या आसपास, तर तेल बोर्बोन प्रकारचं. त्याच्या जागी 10-एपी-गॅमा-युडेस्मॉल तेवढंच ठळक दिसलं तर इजिप्शियन किंवा अल्जेरियन घराण्याचं. हा फरक वाणाच्या रक्तातला आहे. जिरेनियम कटिंगवरच वाढतं, त्यामुळे मदर प्लांट, म्हणजे ज्याची कटिंग घेतली ते झाड, जसं, तसाच अख्खा प्लॉट.

बरेच जण रिपोर्ट आला की आधी सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे वासाचे मुख्य घटक बघतात. ते बघावंच, कारण अत्तरवाल्यांचा भाव तिथं ठरतो. सिट्रोनेलॉल फार वर गेलं तर वास गवती आणि उग्र होतो. चिनी तेलाबद्दल हीच तक्रार असते. पण हे प्रमाण हंगामानुसार आणि पाल्याच्या वयानुसार हलतं. कोवळ्या पानांत जिरॅनिऑल जास्त, जून पानांत सिट्रोनेलॉल. एकाच प्लॉटच्या दोन कापण्यांचे आकडे वेगळे येतात, तेव्हा त्यावरून वाण ओळखायला गेलात तर चुकाल. भेसळही याच आकड्यांत लपते. रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असतं आणि ते स्वस्त पडतं, त्यामुळे ते मिसळून आकडा सजवता येतो.

शेतात बोर्बोन दणकट. फुलं फिकट गुलाबी, दमट हवा आणि पाऊस त्यातल्या त्यात सोसतं. इजिप्शियन-अल्जेरियन घराण्याची झाडं सडपातळ, फुलांचा रंग गडद, पाऊस कमी असेल तिथं बरी. तेलाचा वास मात्र नाजूक. पाणी साचणं दोघांनाही चालत नाही. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात मर लागली की डोळ्यांदेखत ओळी वाळतात. निचरा नसेल तर वाणाची चर्चाच करू नका. मदर प्लांट तरी पावसाळ्यात छताखाली ठेवा. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं त्यासाठी स्वस्त पॉलिहाउसची पद्धत सांगितलेली आहे.

पहिल्यांदाच लावणार असाल आणि खरेदीदार ठरलेला नसेल तर मी बोर्बोन सुचवेन. झाड चुका सोसतं. खरेदीदारानं इजिप्शियन मागितलं असेल आणि तुमचा भाग कोरडा, जमीन मुरमाड असेल तर मात्र तेच लावा, बोर्बोनच्या नावाला भुलू नका.

दोन्हीकडे अट एकच. पैसे देण्याआधी रोपवाल्याच्या मदर प्लांटचा दोन किलो पाला मागा आणि प्रयोगशाळेत त्याचं तेल काढून घ्या. एक टनाला साधारण किलोभर तेल, या हिशेबानं दोन ग्रॅमच्या आसपास निघेल. तपासणीला त्यातला एक थेंबही पुरतो. पाला द्यायला जो कांकू करेल, त्याच्याकडून रोपं घेऊ नका.