पेटीच्या पट्ट्या जड झाल्यात: तारा वाकवाव्यात की सगळ्याच बदलाव्यात?

श्रावणातला सप्ताह जवळ आला की मराठवाड्यात गावोगावच्या पेट्या (हार्मोनियम) बाहेर निघतात आणि पट्ट्या जड लागतात म्हणून ओरड सुरू होते. उन्हाळ्यात वाळून गेलेलं लाकूड पावसाळी हवेत फुगलेलं असतं, त्यामुळे दोष तारेचा (पट्टी परत वर आणणाऱ्या स्प्रिंगचा) की लाकडाचा हे आधी ठरवा. तार कडक असेल तर पट्टी दाबायला जड जाते, पण सोडताच टपकन वर येते. सावकाश, अडखळत वर येत असेल तर ती शेजारच्या पट्टीला घासतेय. तिथे तार सैल केली तर पट्टी खालीच अडकून बसेल. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी सोबत दाबणारी जोडणी) चालू राहिलाय का तेही बघा. चालू असला की एका बोटावर दोन तारांचा जोर येतो.

चार-पाच पट्ट्याच जड असतील तर घरी तार वाकवणं बरं. वरची फळी काढली की प्रत्येक पट्टीच्या मागच्या भागावर दाबून बसलेली तार दिसते. तिचं टोक चिमट्यानं उचलून, वेटोळ्याजवळ अगदी किंचित वर वाकवायचं. मग दहा रुपयांची नाणी (एकाचं वजन सुमारे 7.7 ग्रॅम) पट्टीच्या पुढच्या कडेवर एकेक ठेवत जा. किती नाण्यांना पट्टी खाली जाते ते शेजारच्या पट्टीशी ताडून बघा. खर्च काहीच नाही. पण तीच तार पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते, आणि हात जरा जास्त पडला की दुसरंच दुखणं सुरू होतं.

ते दुखणं असं. भात्यातली हवा पट्टीखालच्या चामड्याच्या गादीला खालून वर ढकलते आणि तार तिला भोकावर दाबून धरते. तार ढिली झाली की जोरात भाता मारताच सूर आपोआप वाजायला लागतो. भजनात टाळ-मृदंगावर आवाज चढवायला भाता जोरातच मारावा लागतो. म्हणून भजनी मंडळाची पेटी थोडी कडकच बरी. घरी शिकणाऱ्या मुलाची हलकी चालेल.

तारांचा सगळा संच बदलायचा तर कारागीर लागतो, पैसे लागतात आणि पेटी काही दिवस हातात नसते. साडेतीन सप्तकांच्या पेटीत 42 पट्ट्या असतात, सगळ्यांचा दाब सारखा आणणं हे सवयीच्या हाताचंच काम. पोलादी तारा गंजल्या असतील किंवा आधीच कुणी वेड्यावाकड्या करून ठेवल्या असतील, तर मात्र वाकवण्यात वेळ घालवू नका.

माझ्या मते संच बदलण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. पट्ट्या निघाल्या की खालचं चामडं दिसतं. चामडं कडक झालं की हवा गळते, आणि ती गळती दाबण्यासाठी पुष्कळदा तारा आवळलेल्या असतात. अशी पेटी घरी हलकी करायला गेलात तर गळती परत सुरू होणार. तिथे चामडंच बदलायला हवं, आणि हे कारागिराला पेटी देतानाच सांगा. परत घेताना एकही पट्टी न दाबता भाता जोरात मारून बघा. कुठूनही सूं ऐकू आलं तर तिथेच दाखवा, पेटी घरी नेऊ नका.