लाईट गेली तरी सही होते : डॉकिंग स्टेशनचे आठ महिने

डॉक, म्हणजे मॉनिटरपासून माऊसपर्यंत सगळं एका वायरीने लॅपटॉपला जोडणारा डबा, नोव्हेंबरात घेतला, आता आठ महिने होत आले. त्याआधी चार महिने हब, म्हणजे त्याचाच स्वतःचा अडॅप्टर नसलेला धाकटा भाऊ, वापरला. हबची रड सांगितल्याशिवाय डॉकवर एवढे पैसे का घातले ते कळणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी माझं काम. मी सीए, जुळे सोलापुरात घराच्याच पुढच्या खोलीत ऑफिस. निम्मे क्लायंट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल-चादरीवाले. त्यामुळे लॅपटॉप दिवसातून एकदा तरी बॅगेत जातो आणि परत टेबलावर येतो. टेबलावर आला की त्याला जोडायचं काय काय, तर २७ इंची फोर-के मॉनिटर, जुना २२ इंची मॉनिटर, चार्जर, लॅनची वायर, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, बॅकअपची हार्ड डिस्क, डिजिटल सिग्नेचरचं टोकन (पेनड्राइव्हसारखंच, त्याशिवाय ऑनलाइन सही होत नाही) आणि कुणा ना कुणा मुनीमजींचा पेनड्राइव्ह. लॅपटॉपला पोर्ट तीन. दोन टाइप-सी, एक जुनं चपटं यूएसबी. रोज सकाळी पाच मिनिटं वायरी लावण्यात जायची आणि टोकनची जागा प्रिंटर अडवून बसलेला असायचा.

पहिला हब गेल्या जुलैत, नवी पेठेतल्या एका दुकानातून. दोन हजारांच्या आत. "घेऊन जावा की मॅडम, आठ पोर्ट आहेत, सगळ्याला चालतंय." चाललं खरं. आठ पोर्ट आहेत म्हटल्यावर मीही पुढे काही विचारलं नाही, हीच माझी चूक. ताळेबंद न बघता फक्त उलाढाल बघून कर्ज मंजूर करण्यातला प्रकार.

घरी आणून फोर-के मॉनिटर लावला तर माऊसचा बाण अडखळत चालायला लागला. एक्सेलची शीट सरकवली की अक्षरं मागून येतायत असं वाटायचं. सेटिंगमध्ये बघितलं तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलतंय. बॉक्सवर पुढे मोठ्ठं "फोर-के" आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत "३० हर्ट्झ". हा नुसता त्या दुकानदाराचा दोष नाही. टाइप-सीच्या वायरीत वेगवान डेटाचे चार पदर असतात, आपल्या पुणे-सोलापूर हायवेसारखे. हबमध्ये वेगवान यूएसबी पोर्ट असले की दोन पदर त्यांना जातात, चित्राला उरतात दोन. चित्र डिस्प्लेपोर्ट नावाच्या पद्धतीने जातं. ते १.२ या जुन्या आवृत्तीच्या वेगाने जात असेल तर दोन पदरांत फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मावतं, १.४ असेल तर तेच दोन पदर ६० हर्ट्झ ओढतात. माझा लॅपटॉप १.४ वाला आहे, हबातली चिप जुनी. म्हणजे लॅपटॉप आणि हब दोघांत जो कच्चा, त्याच्या वेगाने सगळं. फुल एचडी मॉनिटर असेल तर यातलं काहीच डोक्याला लावून घेऊ नका, ते कुठेही मावतं.

चार्जिंगचं गणितही तिथेच कळलं. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा. तो हबमध्ये लावून हबमधून लॅपटॉपला द्यायचा, तर हब स्वतःसाठी १५ वॅट बाजूला ठेवतो. लॅपटॉपला मिळाले ५०, आणि रोज सकाळी "स्लो चार्जर" म्हणून सूचना. शंभर वॅटचा चार्जर घेतला, तरी सूचना तशीच. पुढे समजलं की साधी सी-टू-सी वायर तीन अँपियरची असते, म्हणजे ६० वॅटच्या पुढे जातच नाही. त्यावर न्यायचं असेल तर पाच अँपियरची, आत चिप असलेली वायर लागते. दिसायला दोन्ही सारख्याच. आता मी माझ्या वायरीला लाल दोरा बांधून ठेवलाय.

पण हब सोडायला लावला तो लाईटने.

सप्टेंबरात ऑडिटचा सीझन. संध्याकाळी रिपोर्टवर सही करत होते. टोकन लावलेलं, पिन टाकला, टोकनचा दिवा लुकलुकतोय, आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आहे, पंखा थांबलासुद्धा नाही. लॅपटॉपलाही बॅटरी आहे. पण हबमधून "टुडूंग" आवाज आला, मॉनिटर काळा होऊन परत आला आणि स्क्रीनवर टोकन सापडत नाही असा निरोप. टोकन काढा, घाला, सहीचं सॉफ्टवेअर बंद करून चालू करा, पुन्हा लॉगिन. तेवढ्यात लाईट आली आणि पुन्हा "टुडूंग". त्या संध्याकाळी एका सहीला चाळीस मिनिटं लागली. आमचा आर्टिकल (सीएचा शिकाऊ) समोर तोंड दाबून बसलेला, कारण मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

झालं असं, की मेन्सवरून इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर करंट तुटतो. तेवढ्यात चार्जर बंद पडला की हबला चार्जर सोडून लॅपटॉपकडून वीज घ्यायची असते. ही अदलाबदल न तुटता करायची सोय यूएसबीच्या नियमांत आहे, तिला फास्ट रोल स्वॅप म्हणतात. स्वस्त हबात ती बहुधा नसतेच. मग हब मरून पुन्हा जन्मतो आणि त्याला लावलेलं सगळं एकदा सुटून परत जोडलं जातं. कीबोर्डला फरक पडत नाही. टोकनला पडतो, आणि कॉपी चालू असलेल्या हार्ड डिस्कला तर फारच.

म्हणून नोव्हेंबरात स्वतःचा अडॅप्टर असलेला डॉक. साडेअकरा हजार. (बिलावर जीएसटी नंबर घालून घेतला, १८ टक्क्यांचं क्रेडिट घेतलं. आपण नाही घ्यायचं तर कुणी?) कंपनीचं नाव देत नाही, कारण त्याच नावाने आत चिप बदललेले डॉक मिळतात, आणि मग माझ्या भरवशावर कुणी घेतला तर शिव्या मला.

घेण्याआधी यावेळी लॅपटॉपकडे बघितलं. माझ्या दोन सी पोर्टांपैकी एकाशेजारीच डिस्प्लेपोर्टची खूण आहे, दुसऱ्यातून नुसता डेटा जातो. म्हणजे अर्धं आयुष्य मी चुकीच्या भोकात वायर घालत होते. विजेची खूण असती तर थंडरबोल्ट, म्हणजे त्याच आकाराचा पण जास्त वेगवान पोर्ट. तो माझ्याकडे नाही, म्हणून थंडरबोल्ट डॉकचे पंचवीस हजार वाचले. टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. आतून काय येतं ते लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर.

एक गंमत. डॉकच्या बॉक्सवर "डीएससी सपोर्टेड" असं छापलेलं वाचून मला इतका आनंद झाला! वाटलं, वा, कुणीतरी आम्हा सीए लोकांचा विचार केला, डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट चालेल असं लिहून दिलं. घरी आल्यावर कळलं, हे डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशन. चित्र दाबून बारीक करायची युक्ती. तरीही कामाला आलीच, कारण फोर-के ६० हर्ट्झ आणि जुना फुल एचडी ही जोडी दोन पदरांत एरवी मावत नाही. दाबल्यावर मावते. लॅपटॉपच्या ग्राफिक्सलाही ती युक्ती यावी लागते, माझ्याला येते.

भावाने त्याचं एम-वन मॅकबुक एअर याच डॉकला लावून बघितलं. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र. एका वायरीतून दोन वेगळी चित्रं पाठवायची एमएसटी नावाची पद्धत मॅक वापरत नाही, आणि एम-वनला बाहेरचा मॉनिटर मुळात एकच चालतो. त्याला डिस्प्लेलिंकवाला डॉक लागेल. तो सॉफ्टवेअरच्या जोरावर चित्र यूएसबीतून पाठवतो, प्रोसेसरला थोडं काम लावतो, आणि त्या मॉनिटरवर नेटफ्लिक्स लावलं तर काळं दिसू शकतं. टॅलीला चालेल.

आता लाईट. डॉक आणला म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. डॉकचा अडॅप्टर त्याच इन्व्हर्टरवर, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात लाईट जाताच डॉक रीस्टार्ट. दोन्ही मॉनिटर, लॅन, टोकन, सगळं एकदम. हबपेक्षा वाईट! इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला येणाऱ्या दादांना सहज बोलले तर ते म्हणाले, "ताई, मागचं बटण बघितलंय का?" इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटं बटण, नॉर्मल आणि यूपीएस. सात वर्षं घरात असलेली वस्तू, मागे हात कधी गेलाच नव्हता. यूपीएसवर टाकलं की अदलाबदल झटकन होते. त्यानंतर आजतागायत डॉक एकदाही पडलेला नाही. मार्चमध्ये सही चालू असताना लाईट गेली. मी श्वास धरून बसले, दिवा लुकलुकत राहिला, सही झाली.

त्याची किंमत मात्र आहे. माझ्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेप्रमाणे यूपीएसवर तो १८० ते २६० व्होल्टच चालवून घेतो, नॉर्मलवर १०० ते २९०. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज खाली आलं की लाईट असूनही तो बॅटरीवर जातो. एप्रिल-मेमध्ये बॅटरी लवकर उतरायची. तरी मी बटण परत फिरवलेलं नाही.

उन्हाळ्यावरून आठवलं. मेमध्ये बेचाळीसच्या पुढे गेलं की क्लायंटकडे नेलेला हब हातात धरवत नसे. डॉकही तापतो, पण अंग मोठं असल्यामुळे नुसता कोमट. मी तो आडवा न ठेवता उभा ठेवते, वर फायली रचत नाही. पोरांना ही ताकीद वेगळी द्यावी लागते.

माऊसचा एक छळ सगळ्यांनाच होतो, पण कारण कळत नाही. बॅकअप चालू झाला की वायरलेस माऊस उड्या मारायचा. सेल बदलले, माऊस बदलला. निघालं असं की यूएसबी ३ च्या वायरीतून जो गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पडतो, आणि माऊसचा रिसीव्हरही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर लेख काढलाय. रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारून काढून अर्ध्या मीटरच्या साध्या एक्स्टेंशनवर टेबलापुढे आणला. संपलं. साठ रुपयांत.

लॅनला काही तक्रार नाही. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर नेट यायला वेळ लागायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली, तेव्हापासून बरं आहे. एसडी कार्डाचं भोक आठ महिन्यांत एकदा वापरलं, भाचीच्या बारशाच्या फोटोंसाठी. हेडफोनच्या पोर्टात बारीक खरखर आहे. मला ऐकायला वेळ नाही.

हब फेकला नाही. तो बॅगेत असतो, क्लायंटकडे एचडीएमआय आणि टोकन एवढ्यासाठी पुरतो.

गेल्या पंधरवड्यात मात्र डॉक गेला असंच वाटलं. वायर जरा हलली की सगळं सुटायचं. दोन दिवस वायरी बदलल्या, ड्रायव्हर टाकले, वॉरंटीचं कार्ड शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चने लॅपटॉपच्या सी पोर्टात डोकावले, तर तळाशी गच्च काहीतरी बसलेलं. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हळूच उकरलं. मुगाच्या डाळीएवढा सुताचा गोळा निघाला, गुलाबी. त्याच आठवड्यात एमआयडीसीत मागासमोरच्या टेबलावर बसून स्टॉक मोजला होता. त्यांची गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू होती.